शालनच्या हातची जीप

घट बसले की आमच्या महाडच्या गल्लीत प्रत्येकाला काही ना काही बाधतं. कुणाला उपास, कुणाला आश्विनातलं ऊन. मला हेवा बाधतो. दरवर्षी, याच दिवसांत. शेजाऱ्याचा असता तर चारचौघांत सांगता तरी आला असता. मला हेवा वाटतो तो माझ्या बायकोचा, आणि त्याला कारण अंगणात उभी असलेली जुनी जीप.

आत्ताही ती समोरच आहे. बॉनेट उघडं, शालन पदर खोचून कमरेपर्यंत आत वाकलेली. पाऊस जातो जातो म्हणत रेंगाळलाय, पण सावित्री नदीचं पाणी उतरलंय आणि कुंपणाच्या भिंतीवरचं शेवाळ वाळून तपकिरी पडलंय. दासगावकडून वारा आला की खाडीचा वास येतो, वारा पडला की डिझेलचा. मी ओट्यावर दुरुस्तीचे पाने मांडून बसलोय. "बारा-तेराचा द्या," ती मागे न बघता हात पसरते. मी देतो. "हा नव्हे, दुसरा." मी दुसरा देतो. तीस वर्षं मी मुलांना भूगोल शिकवला, पृथ्वी किती कलते आणि वारे कुठून कुठे वाहतात ते सांगितलं. आता बारा-तेराचा पाना कुठला हे मला दोनदा सांगावं लागतं.

आमच्या पिढीच्या पुरुषाला बायकोचा हेवा वाटू शकतो हे सुचतच नाही. बायकोचं कौतुक करायचं असतं, तेही पाहुणे जेवायला बसलेले असताना, आणि तेही पुरणपोळीपुरतं. पुरणपोळी तिची, ती तिला येणारच. पण जी गोष्ट आपण आपली म्हणून धरली, जिच्यासाठी पुस्तकं आणली, वही केली, ती गोष्ट तिला न शिकता आपल्याहून बरी यावी, हे पचवायला मोठं मन लागतं. माझं मन तेवढं मोठं नाही. हे मला साठी जवळ आल्यावर कळलं, म्हणजे तसं उशिराच.

ही जीप मी चार वर्षांपूर्वी, निवृत्त झालो त्या वर्षी घेतली. शालनचं माहेर पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत. एसटी खालीच सोडते. पुढचा रस्ता पावसाळ्यात ओढ्याचा आणि उन्हाळ्यात दगडांचा असतो. तिथे चारही चाकं ओढणारी गाडीच लागते, असं कारण मी घरात सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला रिकामपणाची भीती वाटत होती. स्वतः दुरुस्त करत राहता येईल असं काहीतरी मला हवं होतं. महाडात जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न किती चालली हा नसतो, पाणी लागलंय का हा असतो. मालक म्हणाला, "पुराच्या आधी दरवेळी वर चढवून ठेवायचो. तुमच्या गळ्याशपथ." मी सीटखाली हात घालून गाळ लागतो का बघितलं, सगळे बघतात तसं. लागला नाही. गाडी घेतली.

मग मी कामाला लागलो. चवदार तळ्याकडून बाजारात जाताना जे दुकान लागतं तिथून पान्यांचा नवा कोरा संच आणला. जाडजूड पुस्तक मागवलं. दोनशे पानी वहीत डाव्या बाजूला लक्षणं, उजव्या बाजूला उपाय, असे रकाने आखले. लक्षण एकच होतं. सपाटीवर गाडी छान चालायची आणि चढ लागला की गुदमरून बंद पडायची. उजव्या बाजूला मी एकोणीस उपाय लिहिले. फिल्टर बदलला, बॅटरी बदलली, टाकी धुतली. सगळे नट-बोल्ट काढून पुन्हा लावले आणि त्यातला एक नेहमी उरायचा. शालन चहा आणून द्यायची, दोन मिनिटं उभी राहायची आणि आत जायची. ती काही बोलत नाही याचा मला आनंद वाटायचा. मला वाटायचं, तिला यातलं कळत नाही.

आता इथे जे सांगायचं ते मी टाळत आलोय. शालन गिरणीवाल्याची लेक आहे. तिच्या वडिलांची, आबांची, वाडीत भाताची गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. आजूबाजूच्या सात-आठ वाड्यांचं भात तिथे भरडलं जायचं. मी तिला बघायला गेलो तेव्हा चहा यायला फार वेळ लागला. माझे काका घड्याळ बघायला लागले. कारण मागून कळलं. गिरणी अडली होती, भात घेऊन आलेल्या बायका खोळंबल्या होत्या, आणि मुलगी आधी इंजिन चालू करून मग चहा घेऊन आली. बशी धरलेल्या तिच्या बोटांच्या पेरांत काळं होतं. मला ते तेव्हा आवडलं होतं, हे मी देवाशपथ सांगतो. पण लग्नानंतर महाडात आल्यावर पहिल्याच महिन्यात मी तिला म्हणालो, "शाळेतल्या बायकांसमोर गिरणीचं काही काढू नकोस. मास्तरांची बायको इंजिन फिरवायची म्हणून हसतील." ती "बरं" म्हणाली. तिने ते एकदाही काढलं नाही. पुढे मीच विसरून गेलो.

गाडी घेतली त्याच वर्षीचा भाद्रपद संपत आला होता. त्या दुपारी मी इंजिन चालू ठेवून, वही मांडीवर घेऊन विचार करत बसलो होतो. ती ओट्यावर कुर्डूची भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हवा घेतेय."

"काय?"

"इंजिन. डिझेलबरोबर हवा ओढतंय. ऐका ना, मधेच उसासा टाकतंय."

मी ऐकलं. मला घरघर ऐकू आली, जी नेहमीच यायची. मी तिला समजावलं की हवा आत जात असती तर तिथून डिझेल गळलं असतं, आणि मी सगळी लाइन तपासलीय, कुठेही थेंब नाही. "गळत नाही, ओढतंय," ती म्हणाली. "पेल्यातलं नळीनं पिताना नळीला भोक असलं तर बाहेर सांडतं का? तोंडात हवा येते." मी वहीत बघितलं. एकोणीस उपायांत हा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून वीतभर पारदर्शक नळी आणली आणि रबरी नळीच्या जागी ती बसवली. इंजिन चालू केलं. पिवळ्या डिझेलमधून बारीक बुडबुड्यांची माळ सरकत गेली. मी ती बघत राहिलो. मला जे वाटलं त्याला जळफळाट हाच शब्द आहे. दोष सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, हे बुडबुडे निदान खोटे तरी निघोत.

टाकीकडून येणाऱ्या नळीचा एक जोड होता, त्यात तांब्याचं छोटं वायसर, म्हणजे मधे भोक असलेली चकती, रुपयाएवढं, दबून कडक झालेलं. मी लगेच नवं आणायला धावलो आणि चुकीच्या मापाचं घेऊन आलो. परत आलो तेव्हा शालन स्वयंपाकघरात होती. चिमट्यात ते जुनंच वायसर धरून गॅसवर तापवत होती. लालबुंद झाल्यावर तिने ते पाण्याच्या वाटीत सोडलं. चुर्र झालं. "तांबं तापवून पाण्यात टाकलं की मऊ पडतं," ती म्हणाली, "मग जोडाला नीट धरतं. आबा असंच करायचे." मला फक्त लोखंड ठाऊक होतं, ते पाण्यात टाकल्यावर कडक होतं. शेजारच्या बर्नरवर आमटी उकळत होती. आमटीही तिची होती आणि वायसरही तिचंच.

गल्लीत बातमी फुटायला वेळ लागत नाही. शेजारचा दीपक टेंपो चालवतो. तो फाटकाशी आला. मी पुढे झालो. "सर, काकू हायेत का?" त्याने विचारलं. "टेंपो सकाळी चालू व्हायला लय तरास देतोय." मी म्हटलं, मला सांग काय ते. तो चुळबुळला. "नाय, म्हंजे, काकूंनी जरा ऐकला असता तर." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मला तर अंगणातच कुणी नाच म्हणेना. त्या दिवशी मी शालनशी जेवणापुरतंच बोललो. तिने विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, ऊन लागलं.

तिला या गाडीतून नेमकं काय हवंय ते मला तोपर्यंत कळलं होतं. आबांची गिरणी केव्हाच बंद पडली होती. तरी ते दर दसऱ्याला त्या मुक्या इंजिनाला हार घालायचे. पूर्वी ते इंजिन चालू करून पूजा करायचे. चालतं इंजिन हाच त्यांच्या लेखी देव. आता त्यांचा उजवा कान पूर्ण गेला होता, डावा निम्मा राहिला होता. शालन म्हणाली, "यंदा दसऱ्याला सकाळी पूजेच्या वेळी जीप गिरणीपाशी चालू ठेवू. अजून थोडं ऐकू येतंय तोवर आबांना एकदा ऐकवायचंय. पुढच्या वर्षी उपयोग नाही." इतकं साधं मागणं. आणि ते माझ्या गाडीकडे नव्हतं, तिच्या हातांकडे होतं. आबांना ऐकवायचं होतं ते तिचं काम.

अष्टमीची दुपार. बाकीचे जोड तपासून साफ करण्यात मधले दिवस गेले होते. वायसर बसवायचं, जोड आवळायचा आणि लाइनमधली हवा काढायची, एवढंच उरलं होतं. तासाभराचं काम. ती मसाला वाटून हात धुऊन येते म्हणाली. तेवढ्यात मी सगळे पाने पुसले, पक्कड पुसली, हातोडी पुसली, देवघरापुढे पाटावर मांडली आणि त्यांना हळद-कुंकू लावलं, फुलं वाहिली. खंडेनवमीला हत्यारं पूजेला लावायची आणि दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

शालन आली. पाटाकडे बघत म्हणाली, "नवमी उद्या आहे ना?"

"तिथी आजच लागते," मी म्हटलं. "पंचांगात आहे." पंचांगात तसं काही नव्हतं. मी ते उघडलंही नव्हतं.

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने हात जोडले, बाहेर गेली, उघड्या नळीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि वर प्लास्टिकची पिशवी चढवली. नवमीचा अख्खा दिवस गाडी तशीच उभी होती. मी दोनदा देवघरात गेलो आणि दोनदा परत आलो. एकदा लावलेली पूजा उचलायची हिंमत माझ्यातही नव्हती. देवाला साक्षीला घेऊन केलेला खोटेपणा असा अंगलट येतो.

दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याबरोबर तिने पाना उचलला. आवळताना त्याची हळद जोडाच्या बोल्टाला लागली. फिल्टरवरचा हातपंप ती दाबत राहिली, आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल, आणि तिने हवा काढायचा स्क्रू बंद केला. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं आणि त्याने एकही उसासा टाकला नाही. तो मलासुद्धा ऐकू आला नाही, म्हणजे बघा. पण पूजेची वेळ तोवर टळून गेली होती.

गाडी मी चालवली, ती शालनला येत नाही. पोलादपूर सोडल्यावर उतारांवर नाचणी उभी होती, लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलं होतं, बांधांवर पिवळी सोनकी फुलली होती. मी बरा चालवतो. चढावर गाडी गुदमरली नाही आणि मला वाटायला लागलं की हे माझ्या चालवण्यामुळेच. वाडीखालच्या शेवटच्या चढाला सावलीत चिखल होता. मी ऐटीत फोर-व्हीलचा छोटा दांडा ओढला. मागची चाकं गरगरली, पुढची ढिम्म. पुन्हा ओढला. शालनने विचारलं, "पुढची चाकं जोडलीत का?" या गाडीला खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या चकत्या हाताने फिरवाव्या लागतात. त्याशिवाय नुसता दांडा ओढून काही होत नाही. माझ्या वहीच्या तिसऱ्या पानावर हे ठळक लिहिलेलं होतं. ती उतरली, साडी सावरत चिखलातून एका चाकाशी गेली, मग दुसऱ्या, आणि परत येऊन बसली. गाडी चढली.

आबा गिरणीच्या पायरीवर बसले होते. पूजा आटपलेली, हार कोमेजायला लागलेला. वाडीतली माणसं गाडीभोवती जमली. आबा उठले, बॉनेटवर उजवा तळवा ठेवला, डावा कान पुढे केला, डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "येकसारखं चाललंय. हवा कोनी काढली?"

शालन माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांनी."

जेवताना मीठ वाढावं इतक्या सहज म्हणाली. चार माणसांसमोर जावयाचा मान राहावा म्हणून. मला तोंड उघडायला भरपूर वेळ होता. मी उघडलं नाही. आबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "हाताला गुन हाय तुमच्या, मास्तर." माझ्या शाळेने मला शाल दिली, श्रीफळ दिलं, पण एवढा आनंद मला कशाने झाला नव्हता. आणि तो माझा नव्हता.

त्या वाक्यावर मी चार वर्षं काढली. महाडला येऊन लोकांना सांगितलं. दीपकला सांगितलं. तो "हो का सर" म्हणाला आणि आत काकूंना हाक मारायला गेला. शालनला कधी विषय काढावासा वाटला नाही. तिच्याकडे द्यायला एवढं होतं, आणि माझ्याकडे घेतलेलं कबूल करण्याइतकंही नव्हतं. नवरात्रात मला बाधतो तो हेवा नेमका याचा. हात तर तिचे चांगले आहेतच, पण दिलेलं विसरून जाणं मला कधी जमणार?

इथवर लिहून मी वही मिटली होती. मधे आठ-दहा दिवस गेले. दसरा होऊन गेला, आपट्याची पानं अजून टेबलावर आहेत, आणि हा लेख वेगळाच संपवावा लागतोय.

यंदा नवरात्रातच आबांचा निरोप आला होता. "मास्तरांना म्हनावं, गिरनीची पेटी घेऊन जा. गुन हाय त्या हाताकडं जाऊदे." पेटी म्हणजे त्यांच्या आयुष्यभराची हत्यारं. लाकडी पेटी, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले पाने, मुठी घासून गुळगुळीत झालेल्या. शालनने निरोप मला जसाच्या तसा सांगितला आणि गाडीचं तेल बघायला गेली. लहानपणी ती त्या पेटीवर बसून अभ्यास करायची, हे तिनेच मला लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं.

या वेळी आम्ही वेळेवर पोचलो. पूजा झाली, जीप गिरणीपाशी चालू होती, पण आबांना आता डाव्या कानानेही जवळजवळ काही ऐकू येत नाही. त्यांनी तळवा ठेवला तेवढाच. जीप बंद केल्यावर अंगणात त्यांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. समोरच्या खळ्यात बाया भात झोडत होत्या. शालन गिरणीच्या दारात उभी होती. ती पेटीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

खरं सांगतो, क्षणभर मला ती पेटी हवीशी वाटली. मी कडीला हातही लावला. मग लक्षात आलं की हिच्यातल्या निम्म्या पान्यांची मापंसुद्धा मला सांगता येणार नाहीत.

कानात कुजबुजून सांगावं असं मनात होतं. पण आबांच्या कानात कुजबुजून काय उपयोग? मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणालो, "आबा, गाडी मी नाही केली!"

"काय?"

"गाडी मी दुरुस्त केली नाही! शालननं केली!"

"काय म्हंताव? मोठ्यानं बोला जरा."

खळ्यातल्या बाया थांबल्या. शेजारच्या पडवीतून दोन माणसं बाहेर आली. मी वर्गात कधी ओरडलो नसेन इतक्या मोठ्याने, शिरा ताणून ओरडलो, "तेव्हाही तिनंच केली होती! हवा तिनं काढली! मी नुसता गप्प बसलो!"

डोंगरावरून आवाज परत आला. शालन दारातून हलली नाही. आबांनी पेटीची कडी धरली, ती माझ्यापुढून सावकाश ओढून लेकीच्या पायांशी नेली आणि पुन्हा पायरीवर येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांत हसू होतं.

"पयल्या येळंलाच आयकलं व्हतं, मास्तर," ते म्हणाले. "पन तुमी सांगाल म्हनून चार वर्सं वाट बगितली, म्हंटलं तीनदा तरी आयकून घ्यावं."